फुजिवारा: दरबारी बक्षिसापासून रयतेच्या आडनावापर्यंत

जपानी मनुष्य आपली ओळख सांगताना आडनाव आधी उच्चारतो व स्वतःचे नाव मागाहून, आणि आज त्या देशात सर्वाधिक लोक जे आडनाव उच्चारतात ते सातो होय. सुमारे १८ लाख लोक ते धारण करतात. त्याच्या जोडीला इतो, कातो, साइतो, गोतो, कोंदो, एंदो, कुदो अशी आडनावांची एक लांबलचक रांग उभी आहे, आणि त्या प्रत्येकाच्या अंती येणारे 'तो' अथवा 'दो' हे एकाच लिपिचिन्हाचे चिनी वळणाचे उच्चारण आहे. त्या चिन्हाचा देशी उच्चार 'फुजी' असा असून, वसंताच्या अखेरीस जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबविणारी जी विस्टेरिया नावाची वेल, तिचे ते नाव आहे. प्रसिद्ध फुजी पर्वताच्या नावाशी त्याचा संबंध नाही. या वेलीचे माळरान म्हणजे 'फुजिवारा', आणि हेच आडनाव इ. स. ६६९ मध्ये जपानच्या सम्राटाने मृत्युशय्येवर पडलेल्या आपल्या एका मंत्र्याला बहाल केले. एका माणसाला मिळालेले ते बक्षीस साडेतेरा शतकांच्या प्रवासात शेतकऱ्या-कारागिरांच्या घरांपर्यंत कसे पोहोचले हे सांगू लागले, की जपानच्या राज्यसत्तेचाच इतिहास सांगावा लागतो. कारण आडनाव देणे, ते आखडून घेणे, त्याचा वापर मना करणे आणि अखेरीस ते घेण्याची सक्ती करणे, हे सारे अधिकार त्या देशात सत्तेने दीर्घकाळ आपल्या हाती राखले होते.

सहाव्या-सातव्या शतकांतील जपान म्हणजे यामातो प्रांतातील दरबाराभोवती गोळा झालेल्या बलाढ्य कुळांचा एक संघ होता. या कुळांना 'उजी' म्हणत, आणि प्रत्येक कुळाला दरबारातील त्याच्या दर्जानुसार 'काबाने' नावाची एक वंशपरंपरागत पदवी असे. कुळागणिक कामे वाटलेली होती: मोनोनोबे हे शस्त्रांचे व सैन्याचे कुळ, नाकातोमी हे देवकार्याचे व मंत्रपठणाचे, तर सोगा हे खजिन्याचा हिशेब आणि कोरियाकडून आलेल्या विद्या-कलांशी संबंध राखणारे. कुळनाम व पदवी देणारा अधिपती एकच, तो म्हणजे सम्राट. आणि देणारा स्वतः या व्यवस्थेच्या वर असल्यामुळे त्याच्या घराण्याला आडनाव असण्याचे कारणच उरले नाही. जपानच्या राजघराण्याला आजही आडनाव नाही, ही वस्तुस्थिती त्या प्राचीन व्यवस्थेचा सर्वांत ठळक अवशेष आहे.

५८७ मध्ये बौद्ध धर्माचा पुरस्कार करणाऱ्या सोगा कुळाने मोनोनोबेंचा रणांगणात पाडाव केला आणि त्यानंतर दोन पिढ्यांहून अधिक काळ दरबाराची सूत्रे त्याच्या हाती राहिली. सोगा नो एमिशी व त्याचा पुत्र इरुका यांच्या काळात हे वर्चस्व उद्दामपणाच्या थराला गेले. ६४३ मध्ये इरुकाने गादीचा एक मान्यवर वारस राजपुत्र यामाशिरो याच्यावर सैन्य धाडले, आणि त्या राजपुत्राला सहकुटुंब मृत्यूला कवटाळावे लागले. पुढे आपलीही हीच गत होणार, असे ज्यांना वाटू लागले त्यांत राजपुत्र नाका नो ओए हा अग्रणी होता, आणि त्याला योग्य वेळी योग्य सल्लागार भेटला तो नाकातोमी कुळातील कामातारी हा होय. ६१४ च्या सुमारास जन्मलेला हा पुरुष कुळाचे पिढीजात देवकार्य स्वीकारण्यास नाखूश होता आणि चिनी राज्यशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे मन रमत असे. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या राजकीय बखरीत या दोघांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग नोंदलेला आहे: मंदिराच्या आवारात पायाने चेंडू उडविण्याचा खेळ चालला असता राजपुत्राच्या पायातील जोडा निसटून दूर पडला, कामातारीने तो उचलून गुडघे टेकून दोन्ही हातांनी पुढे केला, आणि राजपुत्रानेही तितक्याच आदराने गुडघे टेकून तो स्वीकारला. त्यानंतर एकाच गुरूकडे अध्ययनासाठी जाता-येता वाटेत या दोघांची खलबते होऊ लागली.

कट सिद्धीस गेला तो ६४५ च्या सहाव्या चांद्रमासातील बाराव्या दिवशी. कोरियातील राज्यांकडून आलेल्या नजराण्यांच्या स्वीकाराचा समारंभ आसुका येथील राजवाड्यात, सम्राज्ञी कोग्योकू हिच्या समक्ष व्हावयाचा होता. सावध स्वभावाचा इरुका कमरेची तलवार कधी सोडीत नसे. तेव्हा दरबारी विदूषकांकरवी थट्टामस्करीत ती त्याच्याकडून काढून घेण्यात आली आणि राजवाड्याचे सर्व दरवाजे बंद करण्यात आले. ज्या दोघांनी पहिला वार करावयाचा ते इतके भेदरले होते की पाण्याबरोबर घशाखाली लोटलेला भात त्यांच्या पोटात ठरला नाही. नजराण्याचे पत्र वाचणाऱ्या सरदाराला, ठरलेला क्षण उलटत चाललेला पाहून, दरदरून घाम फुटला. आवाज कापू लागला, हात थरथरू लागले, आणि इरुकाने त्याला त्याचे कारणही विचारले. तेव्हा मात्र राजपुत्र नाका नो ओए स्वतःच पुढे झेपावला. इरुका सम्राज्ञीच्या आसनासमोर कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पित्याने आपल्या वाड्याला आग लावून प्राणत्याग केला, आणि त्या आगीत राज्याची जुनी दप्तरेही पुष्कळशी जळून गेली. पराभूत कुळाबरोबर राज्याची स्मृतीही नष्ट व्हावी, हा त्या दिवसाचा सर्वांत दूरगामी अपघात म्हटला पाहिजे, कारण पुढील इतिहास लिहिला तो विजेत्यांनी.

या रक्तरंजित दिवसानंतर तायका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणांचा उपक्रम झाला. ६४६ च्या नववर्षाच्या हुकुमाने कुळांच्या खाजगी जमिनी व खाजगी माणसे सरकारजमा करण्याचे, जमिनीची वाटणी करण्याचे, सारा बांधण्याचे आणि रयतेची खानेसुमारी करण्याचे धोरण जाहीर झाले. चीनमधील तांग राज्याच्या नमुन्यावर एक केंद्रीभूत राज्य उभारावयाचे होते, आणि ते काम दोन-चार वर्षांत आटोपणारे नव्हते. ६६३ मध्ये मित्रराज्य पेक्चेच्या साहाय्यार्थ कोरियात गेलेल्या जपानी आरमाराचा तांग व सिल्ला यांच्या संयुक्त सेनेने दारुण पराभव केला. देशात परचक्राची धास्ती पसरली, किनाऱ्यावर तटबंद्या उभ्या राहिल्या, आणि ६६७ मध्ये राजधानी आसुकाहून बिवा सरोवराकाठी ओत्सू येथे नेण्यात आली. ६६८ मध्ये नाका नो ओए हा तेंजी या नावाने विधिपूर्वक सिंहासनावर बसला. पुढच्याच वर्षी त्याचा पंचवीस वर्षांपासूनचा सहकारी कामातारी अंथरुणाला खिळला.

बखर सांगते की सम्राट स्वतः कामातारीच्या घरी गेला आणि काय हवे ते माग म्हणाला. कामातारीचे उत्तर असे नोंदले आहे की, हयातीत राज्याच्या लष्करी कारभारात आपला काही उपयोग झाला नाही, तेव्हा मेल्यावर तरी लोकांना त्रास नको. अंत्यविधी साधाच व्हावा. ६६३ च्या पराभवाची खंत या शब्दांत अनेक अभ्यासकांना ऐकू आली आहे. काही दिवसांनी सम्राटाने आपला धाकटा भाऊ राजपुत्र ओआमा याला त्याच्याकडे धाडले आणि त्याच्या हस्ते तीन गोष्टी दिल्या: दरबारी श्रेणींतील सर्वोच्च टोपी, आतल्या मंत्र्याचा हुद्दा, आणि फुजिवारा हे नवे कुळनाम. दुसऱ्याच दिवशी कामातारी निवर्तला. म्हणजे ज्या आडनावाने पुढील इतिहासाची शतकेच्या शतके व्यापली, ते त्याच्या मूळ पुरुषाने एक दिवसभर धारण केले. यामातोतील ज्या भूमीशी कामातारीचा संबंध होता तिच्या नावावरून हे कुळनाम आले असे सामान्यतः मानतात. आणि लोकपरंपरेने त्याला अधिक रम्य रूप देऊन, राजपुत्र व कामातारी यांची खलबते तोनोमिने डोंगरावर बहरलेल्या फुजीच्या वेलीखाली झाली, असे मानले. त्या डोंगरावर आज कामातारीचे तांझान देवस्थान आहे, आणि त्याचे नावच त्या मसलतीची आठवण सांगते.

या देणगीचे राजकीय मर्म समजून घेणे अगत्याचे आहे. नाकातोमी हे नाव देवकार्याशी जखडलेले होते. नवे नाव देऊन सम्राटाने कामातारीच्या शाखेला त्या पिढीजात कामातून मुक्त केले आणि राज्यकारभाराचे दालन तिला खुले केले. ६७० मध्ये देशव्यापी कुटुंबनोंदीचे पहिले दप्तर तयार झाले, आणि नाव व राज्य यांचे नाते तेव्हापासून कागदावर आले. ६७२ च्या यादवी युद्धात तेंजीच्या पुत्राचा पाडाव होऊन ओआमा हा तेन्मू या नावाने सम्राट झाला. पराभूत पक्षात नाकातोमी कुळाचा प्रमुख असल्याने त्याला प्राणास मुकावे लागले. त्या पडत्या काळातून घराणे वर काढले ते कामातारीचा पुत्र फुहितो याने. ६९८ मध्ये सम्राट मोन्मूने हुकूम काढला की फुजिवारा हे नाव फुहितोच्या वंशजांनीच चालवावे आणि इतर भाऊबंदांनी देवकार्य सांभाळावयाचे असल्याने नाकातोमी या मूळ नावाकडे परतावे. नाव देणाऱ्या सत्तेने ते अशा रीतीने पुन्हा एका घरापुरते आकुंचित केले, आणि आकुंचित झाल्यामुळेच ते मोलाचे ठरले.

फुहितोने ७०१ च्या तायहो कायद्याच्या रचनेत भाग घेतला; परंतु घराण्याला त्याने दिलेला खरा वारसा विवाहनीतीचा होता. त्याची एक कन्या सम्राट मोन्मूची पत्नी व सम्राट शोमूची माता झाली; दुसरी कन्या कोम्यो ही शोमूची पत्नी होऊन ७२९ मध्ये पट्टराणीपदावर आरूढ झाली, आणि राजकुलाबाहेर जन्मलेल्या स्त्रीला तो मान मिळण्याची ही त्या कायद्याखालील पहिलीच वेळ होती. फुहितोच्या चार पुत्रांनी दक्षिण, उत्तर, विधी आणि राजधानी अशी चार घरे स्थापिली. ७३७ मध्ये देवीच्या साथीत हे चारही भाऊ एकाच वर्षात दगावले, तरी घराणे संपले नाही. कारण सत्तेचा आधार एखाद्या पुरुषाच्या आयुष्यावर नसून अंतःपुरातील नात्यांवर रचलेला होता. त्या काळी सरदारघराण्यांतील मुले बहुधा आईच्या माहेरी वाढत. राजपुत्र आजोळी वाढावा, लहानपणीच सिंहासनावर बसावा आणि आजोबाने त्याच्या नावाने राज्य हाकावे, ही युक्ती उत्तर घराने पूर्णत्वाला नेली. ८६६ मध्ये फुजिवारा नो योशिफुसा हा राजकुलाबाहेरचा पहिला राजप्रतिनिधी झाला, आणि त्याचा दत्तक पुत्र मोतोत्सुने याच्यापासून वयात आलेल्या सम्राटाचाही मुख्य कारभारी असण्याचे काम्पाकू हे पद त्या घरात आले.

या सत्तेचा मध्याह्न म्हणजे मिचिनागाचा काळ. ९६६ ते १०२८ या आयुष्यात त्याने आपल्या चार कन्या सम्राटांना अथवा भावी सम्राटाला दिल्या, आणि तीन सम्राटांचा तो आजोबा झाला. त्याची ज्येष्ठ कन्या शोशी हिच्या सेवेत मुरासाकी शिकिबू होती. ती स्वतः याच कुळाच्या एका सामान्य शाखेत जन्मलेली, आणि तिने लिहिलेली 'गेंजी मोनोगातारी' ही कादंबरी जगाच्या वाङ्मयात मानाचे स्थान पावली. मिचिनागाचा पुत्र योरिमिची याने उजी येथील आपल्या वाड्याचे ब्योदोइन या मंदिरात रूपांतर केले. तेथील १०५३ मधील फिनिक्स मंडप आज जपानच्या दहा येनच्या नाण्यावर कोरलेला आहे. तलवारीने घेतलेल्या सत्तेपेक्षा सोयरिकीने मिळविलेली सत्ता दीर्घकाळ टिकली आणि तिने सुंदर वास्तूंची व वाङ्मयाची जोपासना केली, ही त्या युगाची न्याय्य प्रशंसा होय. परंतु ज्या इनामी जमिनींवर हे वैभव उभे होते त्या सरकारी साऱ्यातून वगळल्या गेल्या होत्या. कामातारीने ज्या राज्याची पायाभरणी केली त्याचाच खजिना त्याच्या वंशजांनी रिता केला, हेही त्याच न्यायाने नमूद केले पाहिजे.

या भरभराटीतच त्या आडनावाच्या विभागणीचे बीज होते. दरबारात पुढे बसलेला फुजिवारा आणि मागे बसलेलाही फुजिवारा अशी स्थिती झाल्यावर नावाने ओळख पटेनाशी झाली. राजधानी क्योतोतील वरिष्ठ घरे आपापल्या वाड्यांच्या ठिकाणांवरून ओळखली जाऊ लागली; इचिजो, निजो, कुजो ही नावे पहिल्या, दुसऱ्या व नवव्या राजरस्त्यांची आहेत. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोनोए, कुजो, निजो, इचिजो व ताकात्सुकासा अशी पाच घरे स्थिर झाली आणि राजप्रतिनिधीचे पद त्यांच्यात आळीपाळीने फिरू लागले. शासकीय कागदांवर ही सारी मंडळी फुजिवाराच राहिली. कुळनाम दरबाराने दिलेले, आणि घरनाम व्यवहारात पडलेले, अशी दुहेरी पद्धत रूढ झाली.

कनिष्ठ शाखांचे प्राक्तन निराळे होते. राजधानीत हुद्दे अपुरे पडू लागल्यामुळे त्या प्रांतोप्रांती दुय्यम अधिकारी, रखवालदार, जमिनींचे व्यवस्थापक म्हणून पांगल्या, आणि जागेचा अथवा हुद्द्याचा एक अंश फुजीच्या 'तो' या उच्चाराला जोडून नवी आडनावे बनली. परंपरेनुसार इसे प्रांताचा फुजिवारा तो इतो, कागाचा तो कातो, ओमीचा तो कोंदो, तोतोमीचा तो एंदो. इसेच्या देवस्थानातील राजकन्येच्या कचेरीचा प्रमुख तो साइतो, बांधकामखात्याचा अधिकारी तो कुदो, आणि द्वाररक्षक दलातील अधिकारी तो सातो. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस ही हुद्द्यांची नावे जशी कालांतराने घराण्यांची नावे झाली, तसाच हा प्रकार होय. या प्रांतिक घरांपैकी अनेकांनी आपला मूळ पुरुष म्हणून फुजिवारा नो हिदेसातो याचे नाव सांगितले. ९४० मध्ये पूर्व प्रांतांत स्वतःला नवा सम्राट म्हणविणाऱ्या ताइरा नो मासाकादोचा त्याने पाडाव केला होता. ईशान्येकडील हिराइझुमी येथे सोन्याने मढविलेला चुसोन-जीचा मंडप ११२४ मध्ये उभारणारे उत्तरेचे फुजिवारा आपल्याला त्याच वंशाचे मानीत. ११८९ मध्ये मिनामोतो नो योरितोमोने त्यांचे राज्य बुडविले. परंतु सातो हे नाव त्या मुलखात खोलवर रुजले होते, आणि आजही आकिता, यामागाता, मियागी, फुकुशिमा या ईशान्य प्रांतांत सातोंची दाटी विशेष आहे. कवी साइग्यो हाही संन्यासापूर्वी सातो घराण्यातील योद्धाच होता.

बाराव्या शतकाच्या अखेरीस राज्य योद्ध्यांच्या हाती गेले, तरी योद्ध्यांना दरबारी कुळनामाची गरज सुटली नाही. तलवार मुलूख मिळवून देत असे. त्या मुलखावरील हक्काला प्रतिष्ठा मिळत असे ती क्योतोच्या सनदेने. या गरजेचे सर्वांत लक्षणीय उदाहरण सोळाव्या शतकातील आहे. १५६६ मध्ये मिकावा प्रांतातील मात्सुदाइरा इएयासू या तरुण सरदाराने दरबारी हुद्दा व तोकुगावा हे नवे घरनाम मिळविले, ते काम्पाकू कोनोए साकिहिसाच्या मध्यस्थीने आणि फुजिवारा म्हणून. १५८५ मध्ये त्याच साकिहिसाने ओवारीच्या एका खेड्यात सामान्य घरी जन्मलेल्या हिदेयोशीला आपला दत्तक पुत्र करून घेतले. किनोशिता, पुढे हाशिबा अशी घरनामे बदलत वर चढलेला हा असामान्य पुरुष अशा प्रकारे कागदोपत्री फुजिवारा झाला आणि त्या कुळाखेरीज कोणालाच न मिळालेले काम्पाकूपद त्याने घेतले. लवकरच दरबाराने त्याला तोयोतोमी हे सर्वस्वी नवे कुळनाम दिले. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि ते नाव त्याच्या घराण्यासह लयास गेले. इएयासूने मात्र मिनामोतो वंशाचा दावा सांगून १६०३ मध्येच शोगुनपद, म्हणजे देशाचे लष्करी अधिपत्य, मिळविले होते.

जो हिदेयोशी स्वतः चार-चार नावे बदलून समाजाची शिडी चढला, त्यानेच ती शिडी इतरांसाठी काढून घेतली. १५८८ मध्ये त्याने शेतकऱ्यांकडील शस्त्रे जप्त केली आणि १५९१ मध्ये योद्ध्याने शेतकरी अथवा व्यापारी होण्यास व शेतकऱ्याने गाव सोडून अन्य धंद्यात शिरण्यास बंदी घातली. तोकुगावांच्या अमदानीत हीच रेषा अधिक ठळक झाली. घरनाम लावणे व तलवार बाळगणे हा योद्धावर्गाचा मान ठरला. सामान्य रयतेने सरकारी कागदांत घरनाम लावू नये असा शिरस्ता पडला, आणि १८०१ मध्ये त्या मनाईचा पुनरुच्चार करण्यात आला. व्यापारी दुकानाच्या नावाने ओळखले जात. मित्सुई घराण्याचे दुकान एचिगोया म्हणून प्रसिद्ध होते. परंतु सरकारी दप्तरात नाव नाही म्हणून ते अस्तित्वातच नव्हते असे समजणे चुकीचे ठरेल. देवस्थानांच्या वर्गणीच्या याद्या, थडग्यांवरील लेख आणि गावकऱ्यांचे आपसांतले कागद यांवरून दिसते की, असंख्य शेतकरी कुटुंबांनी आपली घरनामे घरात व गावात पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. ती उघडपणे लावण्याची परवानगी मात्र कमवावी लागे. दुष्काळात गावकऱ्यांना मदत करणाऱ्या अथवा मोठी रक्कम देणाऱ्या धनिकाला सरदार तो मान देत. जपानची किनारपट्टी मोजून नकाशे तयार करणारा इनो तादाताका हा मूळचा साके गाळणारा व्यापारीही अशाच रीतीने घरनाम व तलवार यांचा मानकरी झाला होता.

१८६८ मध्ये तोकुगावांची सत्ता जाऊन मेइजी सरकार आले आणि जुनी रेषा मोडणे त्याला भाग पडले. १८७० च्या नवव्या महिन्यातील एकोणिसाव्या दिवशी जाहीरनामा निघाला की यापुढे सामान्य रयतेस घरनाम लावण्यास मुभा आहे. लोकांचा प्रतिसाद मंद होता. सरकार काही देते ते पुढे कर घेण्यासाठीच, असा पिढ्यांचा अनुभव गाठी असलेल्या शेतकऱ्याला या औदार्याचा संशय आला असल्यास नवल नाही. परंतु सरकारला या नावांची निकड होती. १८७१ चा कुटुंबनोंदीचा कायदा, १८७२ ची देशव्यापी नोंद व शाळांची योजना, १८७३ ची सक्तीची लष्करभरती आणि त्याच वर्षीची जमीनसाऱ्याची नवी पद्धत, या सर्वांना प्रत्येक माणूस कागदावर नेमका ओळखता येणे आवश्यक होते. जुनी दरबारी कुळनामे आणि पदव्या सरकारी कागदांतून काढून टाकण्यात आल्या. प्रत्येकाला एक घरनाम व एक नाव, हा नियम झाला. अखेरीस लष्करखात्याच्या मागणीवरून १३ फेब्रुवारी १८७५ रोजी हुकूम सुटला की घरनाम लावणे प्रत्येकास बंधनकारक आहे, आणि ज्यांना पूर्वजांचे घरनाम ठाऊक नसेल त्यांनी ते नव्याने ठरवावे. पाच वर्षांपूर्वी जी सवलत होती ती कर्तव्य झाली.

पुष्कळांनी आजवर झाकून ठेवलेले जुने नाव उघड केले. काहींनी मठाधिपतीचा अथवा गावप्रमुखाचा सल्ला घेतला. काहींनी सभोवतालच्या शेतांवरून, डोंगरांवरून, नद्यांवरून नावे योजली. आज जपानात एक लाखाहून अधिक निरनिराळी आडनावे आहेत, ती या मिश्र परंपरेचे फलित होत. जेथे सातो अथवा इतो हे नाव मुलखात आधीच प्रतिष्ठित होते तेथे ते आणखी पसरले. म्हणून आजच्या प्रत्येक सातोला कामातारीचा वंशज समजणे इतिहासाला धरून होणार नाही. आणि तसे पाहता वंशसातत्याचा दावा वरच्या घरांतही निर्भेळ नव्हता. कोनोए घराण्यात सतराव्या शतकाच्या आरंभी पुत्र नव्हता तेव्हा सम्राट गो-योझेई याचा राजपुत्र नोबुहिरो दत्तक आला आणि नाव पुढे चालले. १९३७ मध्ये पंतप्रधान झालेला कोनोए फुमिमारो याच घरातला. जपानचा पहिला पंतप्रधान इतो हिरोबुमी शेतकऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याच्या पित्याला दत्तकविधानाने मिळालेले इतो हे नाव त्याने १८८५ मध्ये राष्ट्राच्या सर्वोच्च पदावर नेले. विसाव्या शतकातील किशी नोबुसुके व सातो एइसाकू हे दोघे पंतप्रधान सख्खे भाऊ, पण दत्तकामुळे आडनावे भिन्न. नाव हे घराचे, त्याच्या वहिवाटीचे आणि जबाबदारीचे असते, रक्ताचा हिशेब त्यामागून येतो, हा जपानी समाजाचा जुना व्यवहार या उदाहरणांत स्पष्ट दिसतो.

१८७५ च्या हुकुमाचे परिणाम संमिश्र झाले. शेतकरी, कोळी, कारागीर आणि माजी योद्धे एकाच दप्तरात एकाच पद्धतीने नोंदले गेले, आणि समतेच्या दिशेने हे मोठे पाऊल होते. परंतु सर्वांना नाव देणारे राज्य सर्वांना आपल्याच पद्धतीचे नाव घ्यावयास लावू शकते, हेही लवकरच दिसून आले. उत्तरेकडील आइनू लोकांना त्याच दशकात कुटुंबनोंदीत आणून जपानी वळणाची नावे लावण्यात आली. १९४० मध्ये जपानी अमलाखालील कोरियातील जनतेवर जपानी पद्धतीची कुलनामे नोंदविण्याचे फर्मान लागू झाले. ठरविलेल्या सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी तशी नोंद केली, आणि त्या नोंदीमागे किती दडपण होते हे त्या समाजाने पुढे कडवटपणे सांगितले. जपानी सत्ता संपताच तेथील लोकांनी आपली मूळ नावे परत घेतली. स्वदेशी स्त्रियांच्या बाबतीतही राज्याचे धोरण बदलत गेले: १८७६ च्या आदेशाप्रमाणे विवाहितेने माहेरचे आडनाव चालवावयाचे होते, १८९८ च्या दिवाणी संहितेने तिला पतीच्या घराचे नाव लावले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या संहितेने पती-पत्नींनी दोघांपैकी एकाचे आडनाव समाईक घ्यावे असे ठरविले. आजही बहुतेक वेळा बदलते ते पत्नीचेच आडनाव, आणि त्याविरुद्धची दाद २०१५ व २०२१ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आहे.

या साडेतेरा शतकांचा हिशेब मांडला असता निर्णय असा द्यावा लागतो. फुजिवारा हे नाव टिकले त्याचे कारण त्या कुळाचे रक्त शुद्ध राहिले हे नव्हे. दत्तकाने, सोयरिकीने, हुद्द्याने आणि अखेरीस सरकारी हुकुमाने ते नव्या माणसांना सामावून घेत गेले, म्हणून ते टिकले. मिचिनागाने त्याला वैभव दिले हे खरे. पण दीर्घायुष्य दिले ते आकिताच्या शेतांत आणि ओसाकाच्या दुकानांत ते धारण करणाऱ्या अनाम कुटुंबांनी, ज्यांतल्या कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्या ते उघडपणे उच्चारण्याचीही मुभा नव्हती. नाव धारण करण्याचा हक्क सर्वांना मिळणे ही त्या देशाच्या इतिहासातील मोठी जोड आहे. आपले नाव आपण ठरविण्याचा हक्क सर्वांना मिळणे हे त्यापुढचे पाऊल असून ते अद्याप टाकावयाचे राहिले आहे.